सपाट रेघ

“ताई, डोंगर जागा होऊ लागला तर आधी आम्हाला सांगा हं,” ज्वालामुखीच्या उतारावरच्या आपल्या अंगणात मला कंपन मोजायचं यंत्र पुरू देताना मेंढपाळीण म्हणाली होती. मी शब्द दिला होता.

आज सकाळपासून ऑफिसातल्या पडद्यावर त्या यंत्राची रेघ थरथरत होती, पण धोक्याच्या इशाऱ्यावर साहेबांची सही होईपर्यंत बाहेर बोलायचं नव्हतं. मी फक्त पायथ्याला राहणाऱ्या माझ्या बहिणीला बोलावून घेतलं. दुपारी रेघ एकदम सपाट झाली. डोंगर निवला म्हणून मी देवाला हात जोडले.

संध्याकाळी मेंढपाळीण ऑफिसच्या दारात उभी. कडेवर चादरीत गुंडाळलेलं यंत्र.

“मेंढ्या थांबेनात, म्हणून दुपारीच उतरलो. हे तुम्ही सांभाळायला दिलेलं, टाकून कसं येऊ?”

मी यंत्र तिच्या कडेवरून उतरवून घेतलं.

सही अजून झाली नव्हती. मी गाडीची किल्ली उचलली. पलीकडच्या उतारावर आणखी अकरा घरं होती.