रिकामा पाय

जरा उठून एका पायावर उभे राहा बरं. भिंतीला हात लावायचा नाही. आता असं समजा, की तुमचं वय शहात्तर आहे, गेल्या वर्षी तुम्ही दोनदा पडला आहात, आणि शेजारी उभी असलेली दहा-बारा माणसं डोळ्यांच्या कोपऱ्यातून तुमच्याकडे बघताहेत. जमतंय? गोटीच्या आजोबांना नव्हतं जमत.

"पाय उचलू नका हो, आजोबा," बाई म्हणाल्या. "आधी तो रिकामा करा. सगळं वजन दुसऱ्या पायात ओता. रिकामा झालेला पाय आपणहून उचलला जातो."

शिंप्याच्या दुकानावरच्या लांबट खोलीत हा ताई चीचा वर्ग भरायचा. पाण्यात चालल्यासारखं सावकाश हलायचं, वळायचं, थांबायचं. शिकवणाऱ्या बाई पूर्वी छापखान्यात कामाला होत्या. वर्गात सगळे केस पिकलेले. दहा वर्षांची एकटी गोटीच. आजोबांना जिना चढवून आणायचं काम तिचं, आणि नुसतं बसून कंटाळा येतो म्हणून तीही रांगेत उभी राहायची.

"ताई ची म्हणे!" जिना उतरताना आजोबा कुरकुरले. "कुणाच्या ताईची? हवेत कापूस पिंजल्यासारखे हात हलवायचे. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या मी. वर जायला मोटर लागते, हवा नाही."

"तुमची मोटर जळलीय," गोटी म्हणाली. "गुपचूप शिका."

आजोबा इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं.

त्याच आठवड्यात एकदा भाजी चिरता चिरता आई म्हणाली, "महिनाअखेरीला तपासणीच्या नर्सबाई येणारेत. आजोबांचा तोल बघतील. त्यावर ठरेल त्यांनी पुढे कुठं राहायचं ते. त्यांच्याजवळ बोलू नकोस हं एवढ्यात."

गोटी तशीच उठून खिडकीपाशी गेली. दुसऱ्यांदा पडले तेव्हा बाबांनी आजोबांना इकडे आणलं होतं. तेव्हापासून ते तिच्याच खोलीत राहत होते; पलंग त्यांचा, खाली गादी तिची. झोपण्याआधी रोज एका अडकलेल्या लिफ्टची गोष्ट व्हायची. समोरच्या इमारतीतल्या घड्याळवाल्या काकांना चालवेनासं झालं, तेव्हा त्यांच्या मुलांनी त्यांना वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. मांडीवर उशी घेऊन ते गाडीत बसले होते. गोटीनं खिडकीतून पाहिलं होतं.

तिच्यानं राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या जिन्यातच तिनं आजोबांना सगळं सांगून टाकलं.

आजोबांनी कठडा घट्ट धरला. "म्हणजे परीक्षाच म्हण की," ते म्हणाले. "किती दिवस आहेत?"

"चोवीस."

"चल तर मग."

त्यानंतर त्यांनी कापसाची थट्टा केली नाही. गुडघे मऊ, खांदे खाली, श्वास पोटात, बाई सांगतील तसं. "घाबरलं की खांदे कानाशी जातात," बाई म्हणायच्या. "वजन वर चढलं की माणूस पडतो. एवढी घाई कशाला, आजोबा? कुठं पोचायचंय तुम्हाला?"

आजोबा गोटीकडे बघायचे आणि खांदे खाली सोडायचे.

शाळा सुटल्यावर खोलीचं दार लावून दोघांचा सराव चालायचा. पहिल्या आठवड्यात तीन मोजेपर्यंत आजोबा टिकले, दुसऱ्यात सहा. एकदा ते कपाटावर आदळले आणि कोपर चांगलंच सोललं. मग चार दिवस त्यांनी उकाड्यात लांब बाह्यांचा सदरा घातला.

"गरम नाही होत?" बाबांनी विचारलं.

"म्हाताऱ्यांना थंडी वाजते," आजोबा म्हणाले. गोटीनं ताटात मान घातली.

आणि एका दुपारी आजोबांचा पाय खरंच आपणहून उचलला गेला. गोटी मोजत राहिली. वीस झाले तेव्हा आजोबांचे डोळे भरून आले होते, पण खांदे खालीच होते.

नर्सबाई शनिवारी सकाळी आल्या. हात न टेकता खुर्चीतून उठा, म्हणाल्या. आजोबा उठले. फरशीच्या रेघेवरून चाला. चालले. आता एका पायावर, दहा मोजेपर्यंत. दहा झाले, पंधरा झाले. पंचविसाव्याला नर्सबाईंनीच हात जोडले. "पुरे हो! मला नाही जमायचं एवढं."

गोटीनं टाळ्या पिटल्या. बाबाही हसत होते. कित्येक महिन्यांत ते असे मोकळे हसले नव्हते.

"उत्तम आहे सगळं," नर्सबाईंनी कागद मांडीवर घेतला. "एकटे राहू शकतात, असं लिहिते. कुणाच्या सोबतीची गरज नाही."

"लिहा, लिहा," बाबा म्हणाले. "उद्याच त्यांना त्यांच्या घरी सोडून येतो. वर्षभर कुलूप आहे तिथं. तुम्ही नाही म्हणाला असतात, तर इथंच ठेवावं लागलं असतं." ते गोटीकडे वळले. "तुझी खोली मिळाली बरं का तुला परत!"

आजोबांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहून गेलं. आईनं पाण्याचे पेले उचलले आणि ती आत गेली. नर्सबाई पिशवीत पेन शोधू लागल्या.

"थांबा," गोटी म्हणाली. "अजून एकदा बघा ना. आजोबा, उचला पाय."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाय उचलला. गोटी त्यांच्या अगदी जवळ गेली, आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून, दोन्ही हातांनी तिनं त्यांना ढकललं.