ऐकलेले लांडगे

लासूर स्टेशनच्या पुढच्या माळावर लांडग्यांच्या गणनेचा शेवटचा दिवस मावळत होता. वनरक्षक म्हणून तीन दिवस मी सगळा माळ पायाखाली घातला, पण एकही लांडगा दिसला नाही. माळ कारखान्याला द्यायचा होता, त्यामुळे साहेब खुशीत होते.

"शून्य लिही करुणा, अन् सही कर."

तिथंच मेंढ्या चारणाऱ्या द्वारकाबाई तावातावानं पुढं आल्या. "दिसले नसतील, पर हायेत. ऐका." त्यांनी तोंडाशी हात धरून लांडग्यासारखी लांब हाळी दिली.

टेकाडामागून एक उत्तर आलं. मग दुसरं. मग सगळेच ओरडू लागले. द्वारकाबाईंनी कान देऊन आवाज मोजले आणि पाच बोटं साहेबांपुढं धरली.

"नुसत्या आवाजावर नोंद होते का?"

"होते, साहेब," मी म्हणाले. "फॉर्मवर 'ऐकलेले' असा रकाना आहे."

साहेब बाईंवर उखडले. "तुमचीच कोकरं खातात ना हे? मग एवढा पुळका कशाला?"

"चार खाल्ली. ते भांडण माझं अन् त्यांचं हाय. पोरी, तू पाच लिव."