गल्लीतला सोफा

नव्या घरासाठी कर्ज देण्याआधी बँकेचे साहेब सध्याची खोली बघायला येतात आणि सोफा दिसला की खूश होतात, अशी कंडी गल्लीत कुणीतरी पिकवली. आता अख्ख्या गल्लीत सोफा एकच, तो सलूनवाल्याचा. म्हणून साहेब पुढच्या दाराने बाहेर पडले रे पडले, की सोफा मागच्या दाराने शेजारी हजर!

इस्त्रीवाल्या मावशींची पाळी आली, तेव्हा सोफ्यासोबत त्यावर घोरत पडलेले सलूनवाल्याचे सासरेही आत आले. त्यांना उठवायला वेळ कुणाला होता?

"हे माझे मामा," मावशींनी ठोकून दिलं.

"हो का? मघाशी शिंप्याकडे हे काका होते, आणि त्याआधी प्लंबरकडे आजोबा."

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. गेलं आपलं घर!

पण साहेबांनी मंजुरीची सही केली, दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "मावशी, मीही भाड्यानेच राहतो हो. रविवारी माझ्याकडे दुसऱ्या बँकेचे साहेब येणार आहेत. सोफा मिळेल का?"

मावशींनी मान डोलावली, तसे साहेब पुढे म्हणाले,



"आणि मामांना उतरवू नका हं. घर कसं भरलेलं वाटतं!"