अर्धा हत्ती

हत्ती अजून आला नव्हता. मोखाड्याच्या बाजारात, कांतीलालशेठच्या दुकानातल्या टीव्हीवर नुसतं वाळलेलं गवत हलत होतं. निवेदक सांगत होता, फार फार पूर्वी या देशात आजच्या हत्तींहून कितीतरी मोठे हत्ती होते, आणि त्यांच्यापुढं उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात होता फक्त टोक काढलेला दगड.

"आपली सूर्यमाळ!" पडद्यावरचं पठार ओळखून कुणीतरी ओरडलं. जीप भरभरून आलेला अख्खा पाडा पुढं सरकला.

"काच फोडाल रे," शेठ म्हणाले. "दाणे घ्या आधी, मग ढकला."

बुधी मागं, मिठाच्या पोत्याला टेकून बसली होती. मांडीवर दोन वर्षांची चैती. शेजारी नवरा, गोकुळ. त्यानं गुडघ्यांना मिठी मारली होती आणि पडद्याकडं बघायचं धाडस त्याला होत नव्हतं.

सगळ्यांच्या पुढं, एकुलत्या एका खुर्चीवर मंगळूबाबा होते. बोहाड्यात, म्हणजे देवादैत्यांचे मुखवटे चढवून नाचायच्या पाड्याच्या उत्सवात, कुठलं सोंग कुणी नाचवायचं, हा शब्द त्यांचा. गोकुळचा बाप रावण नाचवायचा. तो गेला आणि दहा तोंडांचा तो मुखवटा बाबांनी आपल्या माळ्यावर ठेवून घेतला. "घराण्याचा मान खरा," ते म्हणाले होते, "पण रावण पेलायला खांदा लागतो. गोकुळ बारीक अंगाचा." चुलतभाऊ रघ्या त्या मुखवट्यावर टपलेलाच होता.

तेवढ्यात हे फिल्मवाले आले. जव्हारच्या मुखवटे करणाऱ्याकडून त्यांनी हत्ती करून घेतला, बांबू, गोणपाट आणि कागदाच्या लगद्याचा. पुढचा अर्धाच. मागचा गवतात दिसणार नव्हता, मग करायचा कशाला? तो उचलायला माणूस हवा होता. बाबांनी गोकुळचं नाव सांगितलं. "आधी हत्ती नेऊन दाखव. रावणाचं मग बघू." दम्यामुळं त्यांना स्वतःला पठार चढवेना, म्हणून पारख आज टीव्हीवर.

"हे बघा, हे बघा!"

गवतातून आदिमानव निघाले. कातडी गुंडाळलेले, तोंडाला राख फासलेले. सगळ्यांत पुढं रघ्या.

"रघ्या, लंगोट सांभाळ!"

"येसू, बघून घे गं नीट. अजून लग्नाला नाय म्हणता येईल!"

दुकान हसून लोळलं. रघ्यानं चार दाणे तोंडात टाकले. "हसा. मी निदान दिसतोय तरी. गोकुळदादा कुठं हाय?"

"आत हाय," बुधी म्हणाली.

"आत काय केलंन ते देवाला ठाऊक. दोन पावलात धाप लागते त्याला, वहिनी."

बुधीनं चैतीला मांडीवर नीट घेतलं. सोंग चढवताना पडद्यामागं डोकवायचं नाही आणि सोंग उतरेपर्यंत आतल्यानं बोलायचं नाही, हा बोहाड्याचा नेम. फिल्मवाल्यांच्या तंबूलाही पाड्यानं तोच लावला होता. चैतीला कडेवर घेऊन, नवऱ्याची भाकरी द्यायला बुधी तेवढी आत गेली होती. बाकीच्यांनी पाहिला तो थेट बाहेर निघालेला हत्ती.

तो आता पडद्यावर आला.

अर्धा आहे हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. एवढं मोठं डोकं, एवढे लांब सुळे, पण मान तसूभर हलत नव्हती. विहिरीवरून भरले हंडे घेऊन उतार उतरावा तसा तो सावकाश, पाऊल चाचपत येत होता. पाठीशी त्याचं पिल्लू होतं. म्हणजे सोंड बांधलेलं वासरू, पण तेही कुणी हसण्यावारी नेलं नाही.

मंगळूबाबा खुर्चीत पुढं झुकले. "वजन मानेवर नाय घेतलं. कमरेवर घेतलंय. हे शिकवून येत नाय."

बुधीचा ऊर भरून आला. तिनं चैतीच्या डोक्यावरून हात फिरवला.

पडद्यावर भाले उगारले गेले. हत्तीनं पळायचं, असं ठरलं होतं. फिल्मवाल्यांनी सगळ्यांना तसंच सांगितलं होतं. पण हत्ती वळला. वासराला पाठीशी घेतलं, सोंड वर केली आणि सरळ रघ्याच्या अंगावर आला. रघ्या भाला टाकून पळताना स्वच्छ दिसला.

"खोटं खोटं पळालास का रे?"

"खोटं कसलं!" रघ्या ओशाळून हसला. "खरंच फाटली होती माझी. दादा, तुला हे सुचलं कसं?"

गोकुळनं मान आणखी खाली घातली.

"लाजतोय बघा," कुणीतरी म्हणालं.

शेवटी भाले लागले. हत्ती गुडघ्यांवर आला. तरी वासरापुढून हटला नाही, तसाच कलंडला. निवेदकाचा आवाज हळू झाला. शेठनीही दाण्यांचा हिशेब थांबवला.

मंगळूबाबांनी उपरण्यानं डोळे पुसले. "ठरलं," ते म्हणाले. "रावण याच घरात राहील. रघ्या, तुला काय बोलायचंय?"

"काय बोलू, बाबा? मी त्याच्यापुढून पळालेला माणूस."

टाळ्या पडल्या. कुणी गोकुळच्या पाठीवर थाप मारली, कुणी त्याला उचलायला गेलं. तो अंग चोरून बुधीकडं सरकला. "रावण याच्याहून जड असतो गं," तो पुटपुटला.

"ठाऊक हाय मला," बुधी म्हणाली. तिची मान ताठ होती.

एवढ्यात चैतीनं भोकाड पसरलं. पडद्यावर पडलेल्या हत्तीकडं बोट करून ती "आय, आय" करत हुंदके देऊ लागली. गोकुळनं घ्यायला हात पुढं केले तर तिनं ते झिडकारले.

"भूक लागली असेल पोरीला," शेठ म्हणाले.

बुधीनं तिला पदराखाली घेतलं, छातीशी धरलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं कानात म्हणाली, "रडू नको गं बाय. नंतर मी उठले होते ना? तंबूतून तूच तर बघत होतीस, बापाच्या कडेवर बसून."