आतून लावलेलं कुलूप

गोदावरी पुन्हा उठून दाराशी गेली, तशी जात्यातून पीठ झरावं तशी झरत असलेली भेंड्यांची गाणी थांबली. जाळीच्या दाराला आतून लावलेलं कुलूप तिने दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. मग येऊन भिंतीला टेकून बसली. मुली फिदीफिदी हसल्या. खाली कोण उभा हाय गो, एकीने विचारलं. गाडीचा नंबर तरी सांग, दुसरी म्हणाली.

क्लासच्या नशरा मॅडम हसल्या नाहीत. दहावीच्या मुलींची ही निरोपाची रात्र त्यांनी महाडात दारोदार फिरून मिळवली होती. पोरी रात्रभर बाहेर, म्हटलं की आया गप्प व्हायच्या आणि बाप चप्पल शोधायचे. मग मॅडम सांगायच्या, क्लासच्या हॉलला दिवेलागणीला कुलूप लागेल ते उजाडल्यावरच निघेल. किल्ली माझ्या गळ्यात. गाणी, फुगड्या, भेळ, जागरण, सगळं आत. जी बाहेर पडायला बघेल तिच्या घरी फोन जाईल, आणि तिला तेव्हाच घेऊन जायचं. त्या कुलपाच्या भरवशावर लेकी आल्या होत्या. एक जरी निसटली असती, तर पुन्हा कुणी पाठवली नसती.

गोदावरी कुडपणची. आईबाप तिकडे वर, शेतावर. ही शाळेसाठी महाडात मुरारीकाकाकडे राहायची. काका औद्योगिक वसाहतीत पाळीवर जायचा. दिवाळीत काकी बाळंतपणाला माहेरी गेली, आणि तेव्हापासून ही हुशार पोर वर्गात पेंगायला लागली. रात्री करतेस काय ग, असं मॅडमनी कितीदा विचारलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. मॅडमनी काय समजायचं ते समजून घेतलं होतं.

फुगड्या सुरू झाल्या. गोदावरी रिंगणातून सुटली ती थेट मॅडमपाशी आली. या कुलपाची दुसरी किल्ली कुणाकडे असते, तिने हळूच विचारलं.

मॅडम उठून ऑफिसात गेल्या, काकाला फोन लावला. मुरारीने नुकताच मोबाईल घेतला होता. पहिल्याच रिंगला उचलला. येतो म्हणाला, आत्ता येतो.

परत येऊन त्यांनी गोदावरीला बाजूला घेतलं. काका निघालेत, पिशवी भर, म्हणाल्या. रागापेक्षा त्यांना वाईटच वाटत होतं. बाहेर जायची एवढी कसली घाई ग, त्यांनी विचारलं.

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला बाहेर नाय जायचं मॅडम. आत कोण येईल का, ते बघत होते."

मॅडमच्या मागे फुगडी घुमत होती. पैंजण, टाळ्या, हसू. त्यांना त्यातलं काही ऐकू येईना. त्या पोरीच्या डोळ्यांखालचं काळं बघत राहिल्या, आणि दिवाळीपासूनची एकेक रात्र त्यांच्या अंगावर आली.

जिन्यात बूट वाजले. मुरारी जाळीपाशी येऊन उभा राहिला. केस नीट विंचरलेले, आवाज मऊ. पोरीपायी तुम्हाला तरास झाला म्हणाला, हात जोडले. पिशवी घे गो, चल. गोदावरी हलली नाही. मॅडमच्या पाठीशी उभी राहून तिने त्यांचा कुर्ता चिमटीत धरला.

पोर आज मिळायची नाही, मॅडम म्हणाल्या.

तो हसला. फोन तर तुम्हीच केलात, म्हणाला. त्याने जाळीत बोटं अडकवली, तोंड जवळ आणलं, आवाज आणखी खाली घेतला.

"मॅडम, मी काय परका हाय? घरचाच हाय ना."

"म्हणूनच."