घराखालचा रस्ता

घर खांद्यावर आलं आणि मगच कुणीतरी विचारलं, "न्यायचं कुठं?"

ब्याण्णव माणसं होती. आमची घरं माणूसभर उंच लाकडी खांबांवर उभी असतात; त्या खांबांना आडवे बांबू बांधलेले, बांबूंखाली ब्याण्णव खांदे, आणि वर तेनरीचं अख्खं घर, पत्र्यासकट. शुक्रवारची नमाज नुकतीच झाली होती. घरांचा जाणता कादेर, त्यानं आठवडाभर खपून हा मुहूर्त काढला होता. मुहूर्त इतका चांगला निघाला की जागेचं विचारायचं सगळेच विसरले. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं विचारलं असेल.

"मुहूर्त माझा. जागा गावप्रमुखांनी बघायची," कादेर म्हणाला.

"मला वाटलं, तेनरीनं बघून ठेवलीय," गावप्रमुख बांबूखालून म्हणाले.

तेनरी घरातच होती. खाली उतर म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. घराच्या बेंबीच्या, म्हणजे मधल्या मुख्य खांबाला पाठ लावून ती म्हणाली होती, "पंचेचाळीस किलोची तर बाई मी. कपाट उचलताय, मग मीच जड झाले होय?"

जागा तिच्याकडे नव्हतीच. घर तिचं, घराखालची जमीन दिराची. नवरा होता तोवर हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. गेल्या महिन्यात दीर पालाल्लोई जमिनीचा पक्का कागद करून आला. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरोघर दाखवून झाला आणि मग वहिनीला निरोप गेला: घर हलवा. हलवता येत नसेल तर मोडा, लाकूड मी घेतो, तुम्ही मकासरला लेकीकडे जा. लेकीकडे म्हणजे शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. त्या खोलीच्या नुसत्या आठवणीनं तेनरीला रडू यायचं.

पालाल्लोईही बांबूखाली होता. त्याला यावंच लागलं. आमच्याकडे दुसऱ्याचं घर उचलायला जो येत नाही, त्याचं घर पुढं कुणी उचलत नाही. मेल्यावर तोसुद्धा जरा उशिराच उचलला जातो.

"मग परत खाली ठेवू या," कुणीतरी म्हणालं.

"उचललेलं घर त्याच जागी टेकवलं तर घर रुसतं," कादेर म्हणाला.

"आणि मीसुद्धा," पालाल्लोई म्हणाला.

तेव्हा चालणं भाग होतं. घर रस्त्याला लागलं. गावात रस्ता एकच, दोन्ही बाजूंना अंगणं. ज्याचं अंगण जवळ यायचं त्याचे पाय अचानक भरभर पडू लागायचे, आणि त्याच्या ओढीनं सगळं घर पळायचं. मशिदीचं मोकळं आवार दिसलं तेव्हा इमामसाहेबच पुढच्या बांबूला होते. गुडघा दुखत असूनही ते धावले. तेनरीवर सगळ्यांची माया होती हो, पण माया वेगळी आणि अंगण वेगळं.

शेवटचं अंगण मागं पडलं. पुढं नुसती भातशेती. पाऊणशे पावलांवर रस्ता संपत होता आणि त्याच्या टोकाला पालाल्लोईचं शेत होतं. खांदे भरून आले होते. कुणी अल्लाचं नाव घेत होतं, कुणी कादेरच्या मुहूर्ताचा उद्धार करत होतं.

वरून खिडकी उघडली. तेनरीनं डोकं बाहेर काढलं.

"दमलात का रे?"

"दमलो!" ब्याण्णव जण ओरडले. त्यात पालाल्लोईचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"मग ठेवा इथंच."

विचार करायला त्राण कुणाला होतं? घर टेकलं. माणसं बांबूंखालून बाहेर येऊन जमिनीवर आडवी झाली. जरा श्वास आल्यावर गावप्रमुख उठून बसले.

"अगं तेनरी, हा रस्ता आहे!"

"असू दे की. घराला खालून वाट आहेच. म्हशी जातील, मोटारसायकली जातील, तुम्हीही जाल."

"आणि भाताचा ट्रक?"

"परवा तर लावणी झाली. कापणीला बघू."

पालाल्लोई तिरीमिरीत उठला. "रस्ता कुणाच्या नावावर आहे?"

गावप्रमुखांनी बराच विचार केला. "कुणाच्याच नाही."

"मग उचला!"

माणसांनी आपापले खांदे चोळले. तोवर बायका केळीच्या पानांत उकडलेला गोड केळ्याचा बारोंग्को घेऊन आल्या. तोंडं भरली आणि विषय मिटला.

तेव्हापासून तेनरीचा जिना रस्त्यातच उतरतो. सकाळी ती खालच्या पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसते. वडीलधाऱ्या माणसासमोरून जायचं तर कमरेत वाकायचं, उजवा हात जमिनीकडे सोडायचा आणि "ताबे" म्हणून वाट मागायची, ही आमची रीत. जो हे करत नाही त्याला आईबापानं वाढवलंच नाही असं समजतात. गावप्रमुख वाकले. इमामसाहेब गुडघ्यासकट वाकले. पालाल्लोई मात्र तीन दिवस बांधाबांधानं वळसा घालून शेतावर गेला. चौथ्या दिवशी बांधावरून मोटारसायकल घसरली आणि तो तिच्यासकट चिखलात बसला. बघायला अर्धं गाव होतं.

पाचव्या दिवशी तो जिन्यासमोर येऊन थांबला. इकडंतिकडं पाहिलं. टोपी काढली, वाकला, उजवा हात खाली सोडला.

"ताबे, वहिनी."

"कुठं निघालात, भावजी?"

"माझ्या जमिनीवर."

तेनरीनं पाय आखडून घेत वाट करून दिली.

"जा, सावकाश जा. जमिनीला बिचारीला कुठं चालता येतंय!"