अंगठासाहेब

"मोजाही काढा," सिस्टर म्हणाली, आणि अंगठासाहेबांनी मोजा असा काढला, जणू त्यातून चोरीचा माल बाहेर पडणार होता.

हे नाव त्यांना प्रवाशांनी ठेवलेलं. एकतीस वर्षं त्यांनी बसमध्ये तिकिटं आणि पास तपासले. ज्याच्या पासची मुदत संपलेली असते, तो पास दाखवताना नेमका तारखेवर अंगठा ठेवतो, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं. मग ते वाद घालायचे नाहीत की आवाज चढवायचे नाहीत. "अंगठा बाजूला घ्या," एवढंच म्हणायचे आणि गप्प उभे राहायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी समोरच्याच्या तोंडाआधी त्यांची नजर त्याच्या हाताकडे जायची.

दवाखान्यातल्या या खोलीत डॉक्टर नव्हताच. फाटक्या रेक्झिनचं एक टेबल होतं, एक दिवा आणि स्टँडवर बसवलेला टॅब. सिस्टर फोटो काढणार, ते शहरातल्या त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे जाणार आणि बाई स्क्रीनवर येऊन काय ते सांगणार. सगळं केसपेपरच्या पैशांत. शहरात जायचं तर अख्खा दिवस मोडायचा, आणि नंबर लागायचा तीन महिन्यांनी. बायकोला ही सोय ऐकून हायसं वाटलं होतं. साहेबांना मात्र स्वस्ताईचाच वास येत होता. एवढ्या कमी पैशांत कोण कशाला बघेल? आधी इथे घाबरवायचं आणि मग शहरात बोलावून तपासण्यांवर तपासण्या करायला लावायच्या, दुसरं काय. शिवाय स्क्रीनवरची बाई खरीच डॉक्टर आहे कशावरून?

म्हणून त्यांनी तिची परीक्षा घ्यायची ठरवली. घोट्याखाली त्यांना जन्मापासूनची तपकिरी खूण होती, वाटाण्याएवढी. सिस्टरपुढे त्यांनी तीच केली. खरा डाग टाचेच्या कडेला होता. आठ महिन्यांपूर्वी टिंबाएवढा होता, आता शर्टाच्या बटणाएवढा झाला होता, काळाकुट्ट, आणि त्याची एक कड पसरत चालली होती. त्याच्यापायी बायकोला अन्न गोड लागत नव्हतं. तिला त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. ती आत असती तर हे जमलंच नसतं.

साहेबांनी टाच घट्ट धरून पाय वर उचलला आणि सिस्टरने तो फिरवायला लावून चार बाजूंनी चार फोटो काढले. बाई जन्मखुणेला रोग म्हणाली की तिचं बिंग फुटलं, डागाचं मग बघता येईल, असं ते स्वतःला बजावत होते. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. पण संशय घ्यायची सवय जुनी होती, भीतीची नव्हती.

"मला ओळखलं नाहीत ना?" सिस्टरने हसत विचारलं. "कॉलेजात असताना तुम्ही मला बसमधून उतरवलं होतंत." पासची मुदत संपून दोनच दिवस झाले होते, या वेळेला सोडा म्हणताना आपण रडकुंडीला आलो होतो, असंही तिने सांगितलं.

"तसं तर सगळेच म्हणतात," साहेब म्हणाले. सिस्टरने फोटो पाठवून दिले.

थोड्या वेळाने डॉक्टरबाई स्क्रीनवर आल्या. साहेबांच्या लेकीच्या वयाच्या असतील. वय विचारलं, साखर आहे का विचारलं. साहेबांनी कोर्टात उभं असल्यासारखी मोजकी उत्तरं दिली. मग बाई म्हणाल्या, ही जन्मखूण आहे, हिला काही करायचं नाही, औषधही नको. साहेबांचा चेहराच पडला. परीक्षेत ती पास झाली होती. ते मोजा उचलायला वाकले.

"काका, एक मिनिट. चारही फोटोंत तुमचा अंगठा टाचेवर एकाच जागी आहे. पाय फिरवताना माणसाचा हात हलतो, तुमचा हललेला नाही. अंगठा जरा बाजूला घ्या."

साहेबांनी वाद घातला नाही. सिस्टरने टॅब पायाकडे वळवला. त्यांनी टाच धरली, तसा अंगठा आपोआप आपल्या जागेवर जाऊन बसला. मग त्यांनी तो बाजूला घेतला.

किती दिवसांपासून आहे, असं बाईंनी विचारलं.

"कालच दिसला."

बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. या गप्प राहण्यापुढे कुणी टिकत नाही, हे साहेबांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

"आठ महिने झाले," ते म्हणाले.

मग बाईंनी सावकाश सांगितलं. नुसत्या फोटोवरून ठरवता येणार नाही, छोटा तुकडा काढून तपासावा लागेल. गुरुवारीच शहरात या, इथली चिठ्ठी दाखवली की रांग नाही, वेगळे पैसे नाहीत. वाईट असेल का, या प्रश्नाला त्यांनी "असू शकतं" एवढंच उत्तर दिलं. कुठे काही झाकलंय का म्हणून साहेब त्यांचा एकेक शब्द तपासत होते. काहीच झाकलेलं नव्हतं. संशय घ्यायला जागाच उरली नाही.

"या वेळेला सोडता नाही का येणार, मॅडम?"

आवाज इतका खाली गेला होता की बाईंना ऐकू आलं नाही. काय म्हणालात, असं त्यांनी पुन्हा विचारलं. सिस्टरला मात्र ऐकू गेलं होतं. मान खाली घालून तिने चिठ्ठीवर गुरुवारची तारीख घातली, जरा मोठ्या अक्षरांत.